पावण्यांसाठी साफ केलेलं शिवार

पोटासाठी माणसं काय काय करतात! कुणी दात उपटतो, कुणी वजनमापं तपासतो. मी गेली कित्येक वर्षं लोकांना "काडी ओढू नका" एवढंच सांगतो आणि त्याचा सरकारकडून पगार घेतो.

माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा नेमकं काय करतो?" वडिलांनी "शेती खात्यात साहेब आहे" म्हणून वेळ मारून नेली. बायकोला खरा उलगडा झाला तो आठवडी बाजारात. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला पाहिलं, दचकला आणि हातातली काडीपेटी घाईघाईने कोपरीत लपवली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पोलिसात आहात का?" तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. ती रस्त्यातच इतकी हसली, की कोथिंबीर घ्यायची राहून गेली.

माझं पद कृषी सहाय्यकाचं. सरकारच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी. वर मंत्री, त्यांच्याखाली सचिव, मग आयुक्त, मग जिल्ह्याचे साहेब, मग तालुक्याचे साहेब. सगळ्यांचे विचार ओघळत ओघळत माझ्यापाशी येतात. माझ्या खाली पायरी नाही, थेट चिखल आहे. वर ठरलेलं धोरण शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचं आणि शेतकऱ्याने त्यावर हासडलेली शिवी साहेबांच्या भाषेत वर कळवायची, हे माझं काम. "लाभार्थ्यांचा प्रतिसाद संमिश्र आहे" असं वाक्य तुम्ही सरकारी कागदात वाचलंत, तर मूळ शिवी किती जोरकस असेल याची कल्पना करा.

नोकरी लागली नव्वदीच्या सुरुवातीला, शाहूवाडीकडे. डोंगराळ मुलूख, भातशेती. तिथे भाताचं तरू, म्हणजे रोपवाटिका, टाकण्याआधी त्या जागेवर झाडाच्या फांद्या, पाला, शेणकूट पसरतात आणि पेटवून देतात. याला म्हणतात राब भाजणं. मी नवा, कोरा, उत्साही. एका म्हाताऱ्याच्या बांधावर बसून राब भाजण्याचे तोटे रंगवून सांगितले. मला नाटकाची जुनी खोड. पेटलेल्या मातीतल्या गांडुळाचा विलापसुद्धा करून दाखवला. म्हातारा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पावणं, तुमी भाकरी भाजून खातासा का कच्ची?"

"भाजून."

"मग माज्या रोपानं कच्ची माती का म्हून खावी?"

याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मी चहा पिऊन परत आलो.

पुढे बदली झाली मुरगूडकडे, मग शिरोळ तालुक्यात, आणि माझी गाठ उसाच्या पाचटाशी पडली ती आजतागायत सुटलेली नाही.

पाचट म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊस तुटला की मोळ्या कारखान्याला जातात, शेंड्याचं हिरवं वाडं जनावरांना जातं आणि रानात उरतो वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर. ते पाचट. त्याच्या खाली उसाचे बुडखे जिवंत असतात. त्यांना पुन्हा फुटवे येतात आणि नव्याने लावण न करता दुसरं पीक मिळतं, ते खोडवा; लावणीपेक्षा ते हलकंच भरतं. पण पाचटाचं करायचं काय? आमच्या भागात त्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे. मालक बांधावर येतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि काडी ओढतो. चहाला उकळी यायच्या आत रान मोकळं. वर काळा धूर, खाली काळी राख, आणि मालकाच्या चेहऱ्यावर दिवाळीत घर झाडून झाल्यावर असतं तसलं समाधान.

मी सांगायचो, जाळू नका, पाचट सरीत दाबा, वर थोडं खत आणि कुजवणारं जिवाणूचं औषध टाका, हळूहळू त्याची माती होते, आणि तोवर रान झाकलेलं राहून ओल टिकते. यावर शेतकऱ्याची बाजूही खोटी नव्हती. पाचट ठेवलं की उंदीर होतात. पाणी सरळ पळत नाही. पायाखाली काय वळवळतंय ते कळत नाही. आणि कुणाची ठिणगी पडली तर सगळंच भस्म.

ठिणगीचं उदाहरण तर मी स्वतःच पाहिलं होतं. मुरगूडजवळच्या एका गड्याने माझं सगळं म्हणणं ऐकलं, पटलं म्हणाला, हातात हात दिला. "आजपास्नं न्हाय जाळत सायेब, शबूद!" त्या शब्दाच्या आनंदात त्याने बिडी पेटवली आणि काडी मागे फेकली. आम्ही दोघे एकदमच पळालो. बांधावर उभे राहून आम्ही त्याचं रान जळताना पाहिलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "शबूद उद्यापास्नं धरा."

ही गोष्ट मी पुढे गावोगाव साभिनय सांगितली. लोक पोट धरून हसायचे आणि घरी जाऊन पाचट पेटवायचे.

आता सरकारकडे वळू. मुंबईत सरकार बदललं की पाचट न जाळण्याचं कारण बदलायचं. पाचट तेच, काडी तीच, मी तोच. एका सरकारच्या काळात पाचट जाळू नये, कारण जमिनीचा कस जातो. पुढच्या सरकारच्या काळात जाळू नये, कारण पाण्याची बचत. मला त्याचं काही वाटायचं नाही. एकाच नाटकाचे प्रयोग चालू होते, फक्त पडदा नव्या रंगाचा.

मग पुन्हा एकदा सरकार बदललं, आणि पाठोपाठ जिल्ह्याला नवे साहेब आले. तरुण, सडपातळ, विदर्भाकडचे, बोलायला मऊ आणि कामाला कडक. आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं, खिडक्या लावून अंधार केला आणि भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. पहिलंच चित्र पांढऱ्या अस्वलाचं. बर्फाच्या एका तुकड्यावर बिचारं अंग चोरून उभं होतं.

साहेब म्हणाले, "नव्या सरकारने हवामान बदलाचा विषय मनावर घेतलाय. तुमचं पाचट जळतं ना, त्याचा धूर वर जाऊन पृथ्वीभोवती घोंगडीसारखा साचतो. पृथ्वी तापते. बर्फ वितळतो. पाऊस वेळापत्रक मोडतो. आपल्या जिल्ह्याने सुरुवात करायची आहे. एक गाव असं उभं करायचं, जिथे काडी लागणार नाही. सरकारची प्रगती पाहायला मुंबईहून पाहुणे येतील, त्यांना ते गाव दाखवायचं."

मागच्या बाकावरून कुणीतरी माझं नाव घेतलं. त्या सहकाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही. अशा रीतीने पांढऱ्या अस्वलाची जबाबदारी शिरोळ तालुक्यातल्या एका कृषी सहाय्यकावर आली.

त्या गावाचं नाव सांगत नाही. एक तर माझी नोकरी अजून शिल्लक आहे, दुसरं म्हणजे त्या गावात मला अजून जेवायला जायचं असतं.

गावाचे सरपंच अण्णा चौगुले. तरुणपणी तालमीत घुमलेला देह, पांढरेशुभ्र कडक कपडे, पायात करकर वाजणाऱ्या चपला आणि ओठात बिडी. आवाज असा की कानात सांगितलेलं गुपित वेशीपर्यंत पोचायचं. देवळापुढे बैठक घेतली. मी अस्वल सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. एका पाटावर एका पायावर उभा राहिलो, तोल सावरला, केविलवाणा चेहरा केला. पोरंसोरं खूश झाली. अण्णांनी बिडीचा झुरका घेतला.

"पाचटसायेब, येक इचारू?"

"विचारा की अण्णा."

"त्या अस्वलाचं आन् आमचं काय भांडान हाय का?"

"नाही."

"मग त्येच्यासाटी मी माज्या रानात उंदरं का पाळू?"

बैठक तिथेच संपली. मागच्या पावसाळ्यात गावात कंबरभर पाणी शिरलं होतं. घराघरांत भिंतींवर चिखलाची रेघ अजून होती. त्या पुराचं नाव घेऊन लोकांना घाबरवता आलं असतं. पण पुराचा आणि अण्णांच्या पाचटाचा थेट धागा जोडायला मी धजलो नाही. तेवढा थापाड्या मी नाही, आणि लोकही तेवढे भोळे नाहीत.

लोक उठून गेल्यावर एक बाई थांबली होती. सुमन कांबळे; गावात सगळे तिला सुमनअक्का म्हणत. बौद्ध वस्तीतलं कुटुंब. नवरा इचलकरंजीला सूतगिरणीत पाळ्या करायचा, रान ही बघायची. रान म्हणजे माळाकडेचा एक तुकडा, उपसा योजनेच्या पाटाचं अगदी शेवटचं टोक. नदीवरून मोटार पाणी उपसणार, ते पाटाने वरच्या सगळ्यांचं भिजवत भिजवत शेवटी अक्काकडे येणार. येणार म्हणजे, वीज टिकली तर. उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं की पाण्याची पाळी तिच्या बांधाशी यायच्या आधीच मोटार बंद. मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत तिचा खोडवा मृगाची वाट बघत उभ्या उभ्या निम्मा वाळला होता. यंदाही वाळला तर ऊस मोडून रान दुसऱ्याला वाट्याने लावायचं आणि अक्काने गिरणीच्या चाळीत राहायला यायचं, असं नवऱ्याने ठरवून टाकलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "त्ये अस्वल-बिस्वल ऱ्हाऊ दे बाजूला. पाचटानं वल टिकती म्हनलासा, त्ये खरं का नुसतं सरकारी?"

"खरं."

"पावसापतोर टिकंल?"

इथे मी अडखळलो. नाटक करणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. समोर एकच माणूस उभा राहून खरं काय ते विचारू लागला की पंचाईत होते. "पाळी चुकली तरी बराच काळ तगेल," मी म्हणालो. "पावसाचं मी कसं सांगू?"

"तेवडं खरं बोललासा. तेवडं पुरं," ती म्हणाली. "मला चाळीत ऱ्हायाचं न्हाय."

तिचा ऊस तुटल्यावर आम्ही सगळं पद्धतशीर केलं. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं, वर खत आणि औषध शिंपडलं. मुरगूडच्या बिडीवाल्याची गोष्ट मी तिलाही सांगितली. ती अजिबात हसली नाही. उलट दुसऱ्याच दिवशी तिने कायदा केला: तिच्या बांधाच्या आत काडीपेटी आणायची नाही. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याचा खिसासुद्धा बांधावर तपासला जाऊ लागला.

गावाला विषय मिळाला. "आक्काच्या रानात उंदराचं लगीन हाय म्हनं, वऱ्हाडी म्हून सायेब जानार!" अण्णांचं रान तिच्या शेजारीच. ते मुद्दाम तिच्या बांधावर यायचे, खिशातून काडीपेटी काढून कानाजवळ खुळखुळ वाजवायचे आणि तिथेच बिडी पेटवायचे.

"अण्णा, भाईर जाऊन वडा की," अक्का म्हणायची.

"बांद दोगांचा हाय. माज्या बाजूनं वडतोय."

"धूर माज्या बाजूला येतोय."

"मग त्येला परत धाडून दे!" आणि ते गडगडून हसायचे. काडी मात्र विझवून टाकायचे, एवढं कबूल केलं पाहिजे.

तरी मी हळूहळू गाव वळवत आणलं. कुणाला खताचा मोह, कुणाला माझ्या नाटकाचा, कुणाला मुंबईच्या पाहुण्यांचा. अण्णांना शेवटचा. मुंबईची माणसं आपल्या गावात येणार, आपल्या हातून हार घालून घेणार, हे कळलं आणि अण्णा एका रात्रीत अस्वलाच्या बाजूचे झाले. रस्त्याकडेच्या रानांतलं पाचट न पेटवता तसंच राहिलं. सरीत दाबायला लोकांनी कंटाळा केला, पण जाळलं नाही, हेही काही कमी नव्हतं. माघ महिन्यातला एक दिवस ठरला. आदल्या दिवशी मी अण्णांना फोन केला.

"अण्णा, उद्या सकाळी पाहुणे. शिवार बघायला येणार आहेत."

"काळजीच करू नगा सायेब. पावण्यांनी नाव काडाय पायजे असं करतो."

मी निर्धास्त झोपलो.

सकाळी साहेबांच्या गाड्यांच्या पुढे मी मोटारसायकलवरून निघालो. ओढ्याच्या पुलावर आलो आणि गाडी आपोआप थांबली. समोर गाव दिसत नव्हतं. गावाच्या जागी धूर होता.

आत शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं काळीभोर. कडेने पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. वेशीत कमान, पताका. कमानीखाली बायका हातात पाण्याचे कलश घेऊन ओळीने उभ्या, त्यांच्या नऊवारी साड्यांवर राखेची भुरभुर. आणि मधोमध अण्णा चौगुले, फेटा बांधून, छाती काढून.

"बगा!" ते हात पसरून म्हणाले. "पहाटेपास्नं गाव राबतोय. येक पान ठेवलं न्हाय शिवारात!"

"अण्णा," मी म्हणालो, "पाचट जाळू नये, हेच तर बघायला येतायत ते!"

"त्ये ठावं हाय की. रोज कुटं जाळतोय? पर आज पावणं येनार. पावण्याफुडं केर ठेवायचा व्हय? तुमच्या घरला पावणं आलं तर वैनी केर तसाच ठेवत्यात?"

मी सांगतो, या वाक्याला तोड नाही. या माणसाने धोरण ऐकलं होतं, पाळलंही होतं. पण सरकारचं धोरण आजचं आणि पाहुणा आला की अंगण झाडायचं हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. दोन्ही एकाच दिवशी समोरासमोर आले, आणि आईचं दूध जिंकलं.

मी डोक्याला हात लावून कमानीच्या खांबाला टेकलो तेवढ्यात माळाकडून आरोळी आली. आवाज अक्काचा होता.

अण्णांच्या माळाकडच्या रानाला सगळ्यात शेवटी काडी लावली होती, आणि वारा फिरला होता. आम्ही पळत गेलो तर ज्वाळा बांधाशी आलेल्या. बांधापलीकडे अक्काचं पाचट. खाली दबलेलं ओलसर, पण वरचा थर पापडासारखा वाळलेला, आणि त्यातून खोडव्याचे वीतभर पोपटी फुटवे वर आलेले. अक्का एकटी, ओलं गोणपाट घेऊन बांधावर झोडपत होती. पदर खोचलेला, चेहरा लाल. एका कोपऱ्यात आग आत शिरलीच होती.

"अण्णाऽऽ!" ती ओरडली. "माजं रान गेलं की वो!"

अण्णा चौगुल्यांना मी पुष्कळ रूपांत पाहिलंय. ती धाव मात्र एकदाच पाहिली. करकर वाजणाऱ्या चपला त्यांनी भिरकावल्या, फेटा काढला आणि त्यानेच आग झोडपायला लागले. मागे वळून असे ओरडले, की पुलावरच्या पाहुण्यांनीही ऐकलं असेल. "बायांनो! त्ये कलश काय बगत बसलाया! हिकडं आना!"

स्वागताचं पाणी आगीवर पडलं. आंब्याचे टहाळे, नारळ, कुंकू, सगळं पडलं. पण कलशात मावणार ते पाणी किती? आग दुसऱ्या सरीकडे सरकू लागली. तेव्हा अक्का म्हणाली, "फुडच्या सऱ्यांतलं पाचट उपसा! मधी मोकळं करा, म्हंजे फुडं जानार न्हाय." आपणच दाबलेलं पाचट ती दोन्ही हातांनी उपसून मागे फेकू लागली. तिच्या शेजारी ओणवे होऊन अण्णा. आणि त्यांच्या शेजारी मी, इस्त्रीच्या शर्टात. पाचटाच्या पानाला करवतीसारखी धार असते. हात सोलवटून निघाले. पण मोकळ्या पट्ट्याशी येऊन आग थबकली, चाचपडली आणि बसली. कोपऱ्यातल्या थोड्या सऱ्या गेल्या. बाकीचं रान वाचलं.

अक्का बांधावर मटकन बसली. एका बाईच्या कलशात तळाला घोटभर पाणी उरलं होतं, ते तिने अक्काच्या तोंडाला लावलं.

आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या मागे मोटारींची दारं वाजली.

साहेब उतरले. मुंबईचे पाहुणे उतरले. त्यांच्या एका बाजूला काळंठिक्कर शिवार, दुसऱ्या बाजूला अक्काचं झाकलेलं रान, आणि मध्ये काजळी फासलेला, अनवाणी, अर्धा जळका फेटा हातात धरलेला गावचा सरपंच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी पुढची बदली कुठे होणार ते स्पष्ट लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला संवाद आठवेना.

अण्णा पुढे झाले. हात जोडले.

"या, या सायेब. तुमास्नी फरक कळावा म्हून दोनी बाजू ठेवल्यात. ही जाळल्याली," त्यांनी अख्ख्या गावावरून हात फिरवला, "आन् ही न जाळल्याली. तुमीच हात लावून बगा."

मी अनेक नाटकं पाहिली, काहींत पडलोही. पण असा प्रवेश सावरणारा नट पाहिला नाही. मला माझा संवाद सापडला. "चपला, बूट काढा," मी पाहुण्यांना म्हणालो. "आधी जाळलेल्या बाजूला पाय ठेवा, मग इकडे पाचटाखाली." उन्हं चढली होती. काळ्या रानात पाय ठेवताच एक पाहुणे "आई गं" करून उडाले. मग अक्काच्या रानात पाचट बाजूला सारून पाय ठेवला आणि तिथेच उभे राहिले. खालची माती गार होती. त्यांनी वाकून मूठभर उचलली, दाबली. तिचा लाडू झाला.

साहेबही अनवाणी उभे होते. परत निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुलनेसाठी एवढं मोठं क्षेत्र लागत नाही हो. पुढच्या वेळी एक गुंठा पुरे."

त्यांनी मला वाचवलं. वर काय कळवलं मला ठाऊक नाही. प्रतिसाद बहुधा संमिश्र असावा.

त्या वर्षीचा उन्हाळा वाईट गेला. भारनियमन वाढलं, ऐन वैशाखात उपसा योजनेची मोटार जळाली आणि पाटाच्या टोकाला पाणी आलंच नाही. मी आठवड्यातून एकदा तरी अक्काच्या बांधावर जायचो. माझा जीव थाऱ्यावर नव्हता; तिला भरवसा मी दिला होता. शेजारी अण्णांचा ऊस पिवळा पडला, मग करपला. अक्काच्या उसाची पानं दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची. ती पाचट उचलून मातीत बोट खुपसायची आणि माझ्यापुढे धरायची. बोटाला चिकटलेली माती दिवसेंदिवस कमी होत गेली. पाऊसही उशिरा आला. पण आला तेव्हा तिचा खोडवा हिरवा उभा होता.

अक्का चाळीत राहायला गेली नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. सरकार पुढे पुन्हा बदललं. साहेबांची बदली झाली, त्यांच्याबरोबर पांढरं अस्वलही गेलं. नमुन्याचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात निघालं. आज माघात त्या पुलावर उभे राहा, चार ठिकाणी धूर दिसेल. एवढी वर्षं घसा फोडून मी किती काड्या वाचवल्या, हा विचार कधी कधी रात्री जेवताना येतो आणि घास उगाच फिरत राहतो.

पण पुढच्या हंगामात अक्काच्या रानात तोडणी लागली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. टोळीचा मुकादम मोळी उचलत म्हणाला, "ही लावन हाय का खोडवा?" अक्का नुसती हसली. बांधावर अण्णा चौगुले उभे होते, नव्या चपला, नवा फेटा. मोळ्या बघता बघता सवयीने त्यांचा हात खिशात गेला, बिडी ओठांत आली, काडीपेटी बाहेर निघाली. खाली नुकतं पडलेलं पाचट, कोरडं, खडखडीत. 

अण्णांनी काडीपेटीकडे पाहिलं, मग अक्काकडे. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. अण्णांनी काडीपेटी खिशात टाकली, बांध उतरले आणि ढेकळांतून करकर करत थेट डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेले. तिथे कडेला उभे राहून त्यांनी सावकाश बिडी ओढली, चपलेखाली चुरडली, आणि तेवढंच अंतर चालत परत आले.

मी म्हणालो, "अण्णा, बांध तर दोघांचा होता ना? तुमच्या बाजूनं ओढायची."

"बांद दोगांचा हाय वो," घाम पुसत अण्णा म्हणाले. "रान आक्काचं हाय."